तीन चाव्यांचे कुलूप: आयर्लंडसारखा छोटा देश शांतिसेनेला नेमके काय देतो?

२८ ऑगस्ट २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २७९० क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला आणि दक्षिण लेबनॉनमध्ये १९७८ पासून तैनात असलेल्या शांतिसेनेला शेवटची मुदतवाढ दिली. ठरावानुसार ३१ डिसेंबर २०२६ रोजी या सेनेचे काम संपते आणि त्यानंतर वर्षभराच्या आत तिने आपला सगळा बाडबिस्तारा घेऊन तिथून निघायचे आहे. ‘युनिफिल’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सेनेत जवळपास पन्नास देशांचे मिळून दहा हजारांहून अधिक सैनिक होते. भारतीय पायदळाची एक बटालियनही १९९८ पासून तिच्या पूर्व विभागात आहे. पण या ठरावाने ज्या देशाच्या संरक्षण धोरणाचा पायाच हलला, तो आयर्लंड. २०२२ च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या साडेएक्कावन्न लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यात २०११ सालीच याहून अधिक माणसे राहत होती.

एवढ्याशा देशाने आपले तीन-साडेतीनशे सैनिक हजारो किलोमीटर दूरच्या, स्वतःशी काडीचाही संबंध नसलेल्या सीमेवर दशकानुदशके का ठेवावेत, त्यांचा तिथे उपयोग काय आणि ते पाठवण्यावरून त्या देशात सध्या एवढा वाद का पेटला आहे, हे समजून घ्यायचे तर सुरुवात अगदी मुळापासून करावी लागेल.

शांतिसेना कोणाची?

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही सैनिक नाही. हे वाक्य साधे वाटते, पण निम्मे गैरसमज ते नीट लक्षात न घेतल्यामुळे होतात. गावातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा विचार करावा. मंडळाचे नाव एक असते, पण वर्गणी घरोघरची असते आणि मांडव घालायला, मिरवणूक सांभाळायला येणारी पोरे वेगळ्याच घरांतली असतात. जो सर्वांत जास्त वर्गणी देतो तो खांदा द्यायला येईलच असे नसते. शांतिसेनेचेही तसेच आहे. सर्व सदस्य देशांना ठरलेल्या प्रमाणात पैसे भरावे लागतात आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा अमेरिका व चीन यांच्या नावावर असतो. सैनिक मात्र प्रामुख्याने नेपाळ, बांगलादेश, रवांडा आणि भारत हे देश पुरवतात. सैनिकाचा पगार, त्याचा गणवेश आणि त्याला लागू होणारा लष्करी कायदा हे सारे त्याच्या देशाचेच राहते. वरून निळी टोपी तेवढी चढते.

या सेनेला काय करता येईल आणि काय नाही, हे सुरक्षा परिषदेच्या ठरावात लिहिलेले असते. त्या अधिकारपत्राला ‘मँडेट’ म्हणतात. पारंपरिक शांतिसेनेच्या मँडेटमागे तीन तत्त्वे असतात: दोन्ही बाजूंची संमती, कोणाचीही बाजू न घेणे आणि स्वसंरक्षण किंवा मँडेटचे रक्षण यांव्यतिरिक्त बळ न वापरणे. बांधावरून भांडणाऱ्या दोन भाऊबंदांच्या मध्ये गावाने बसवलेल्या त्रयस्थाची कल्पना करा. त्याच्या हाती असते ती वही आणि शिट्टी. कोणी बांध कोरला तर तो नोंद करील, आरडाओरडा करील, गावाला कळवील. पण दोघांनी मिळून कुऱ्हाडी उचलल्या तर तो त्यांना रोखू शकणार नाही, आणि त्याने तसे रोखावे म्हणून त्याला तिथे बसवलेलेही नाही.

याहून वेगळ्या धाटणीच्या मोहिमाही असतात. कोसोवोत १९९९ पासून असलेली ‘केफोर’ ही सेना सुरक्षा परिषदेच्या परवानगीने उभी राहिली, पण तिचे नेतृत्व नाटो या लष्करी आघाडीकडे आहे. तिच्यात निळ्या टोप्या नाहीत आणि बळ वापरण्याची मुभा बरीच जास्त आहे. आयर्लंड नाटोचा सदस्य नाही, तरीही त्याच वर्षी त्याने केफोरला वाहतुकीची एक तुकडी दिली होती. म्हणजे आघाडीत न जाता आघाडीच्या कामात हात लावता येतो, मात्र वर संयुक्त राष्ट्रांचे छत्र हवे, ही आयर्लंडची जुनी भूमिका आहे. हे छत्र पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे.

लोकरीचे गणवेश घालून विषुववृत्तावर

आयर्लंड १९५५ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि १९५८ मध्ये त्याचे पन्नासएक अधिकारी निरीक्षक म्हणून लेबनॉनमध्येच गेले. तेव्हापासून आजवर असा एकही दिवस गेलेला नाही, की जगात कुठे ना कुठे आयरिश शांतिसैनिक कामावर नव्हता. इतकी सलग परंपरा दुसऱ्या कोणत्याही देशाला सांगता येत नाही.

खरी परीक्षा मात्र १९६० मध्ये काँगोत झाली. जुलै महिन्यात पहिली आयरिश बटालियन अमेरिकी विमानांतून तिथे उतरली, ती आयर्लंडच्या थंडीपावसासाठी शिवलेल्या जाड लोकरीच्या गणवेशांत. छोट्या देशाची तयारी नावाची गोष्ट किती तोकडी असते, हे या एका तपशिलावरून जितके कळते तितके कोणत्याही अहवालातून कळणार नाही. ८ नोव्हेंबर १९६० रोजी निएंबा या ठिकाणी अकरा जणांच्या गस्ती पथकावर हल्ला झाला आणि नऊ जण मारले गेले. डब्लिनमध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी आजही तिथल्या सार्वजनिक स्मृतीचा भाग आहे. हल्लेखोर ज्या जमातीचे होते त्या ‘बालुबा’ जमातीचे नाव तर आयरिश बोलीत शिवी होऊन बसले. हे त्या जमातीवर अन्यायकारक होतेच, पण दूरचे युद्ध घरात कसे शिरते याचा हा पुरावा आहे.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जादोव्हिल येथे कमांडंट पॅट क्विनलन यांची दीडशेएक सैनिकांची कंपनी कटांगा प्रांताच्या फुटीर सैन्याने वेढली. त्यांनी पाच दिवस तोंड दिले, एकही माणूस गमावला नाही, पण दारूगोळा आणि पाणी संपल्यावर शरणागती पत्करावी लागली. त्याच दिवसांत तडजोडीसाठी निघालेले संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड विमान अपघातात मृत्यू पावले. शरण आलेली कंपनी ही आयरिश लष्कराला कितीतरी वर्षे अवघड जागचे दुखणे वाटत राहिली. तिचा अधिकृत गौरव व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. याच मोहिमेत भारताने एक अख्खी ब्रिगेड दिली होती. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलच्या लढाईत आलेल्या वीरमरणाबद्दल परमवीरचक्र मिळाले, हे आपल्याकडे शाळेतही सांगितले जाते. पण तेव्हा संपूर्ण मोहिमेचे लष्करी प्रमुख सीन मॅककिओन नावाचे आयरिश सेनापती होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

निळे पिंप आणि रोजची गस्त

मार्च १९७८ मध्ये इस्राएलने दक्षिण लेबनॉनमध्ये सैन्य घुसवले. सुरक्षा परिषदेने ४२५ आणि ४२६ क्रमांकांचे ठराव करून इस्राएली माघारीची खातरजमा करण्यासाठी एक ‘अंतरिम’ सेना उभी केली. या अंतरिमाला आता अर्धशतक होत आले. आयर्लंड पहिल्याच वर्षी तिच्यात सामील झाला, २००१ पर्यंत राहिला, २००६ मध्ये इस्राएल आणि हिजबुल्लाह ही लेबनॉनमधील सशस्त्र संघटना यांच्यात झालेल्या युद्धानंतर थोड्या काळासाठी परतला आणि २०११ पासून पुन्हा ठाण मांडून बसला.

तिथले रोजचे काम ऐकायला नीरस आहे. इस्राएलने २००० साली माघार घेतली तेव्हा ती पूर्ण झाली की नाही हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी सुमारे १२० किलोमीटर लांबीची एक रेषा आखली. तिला ‘ब्लू लाइन’ म्हणतात. ती आंतरराष्ट्रीय सीमा नाही. माघार कुठपर्यंत झाली एवढेच ती सांगते. आपल्याकडे मोजणी झाल्यावर शेताच्या कोपऱ्यात दगड रोवतात, तसे या रेषेवर जागोजागी निळे पिंप बसवलेले आहेत. आणि मोजणीच्या दगडाची जी गत आपण गावोगाव पाहतो, तीच या पिंपांची. कोणी म्हणतो ते चुकीच्या जागी आहे, कोणी त्याच्या पलीकडे गुरे नेतो, कोणी त्याच्याजवळ भिंत बांधायला घेतो. मेंढपाळ रेषा ओलांडून गेला तर ती चूक की हेरगिरी, हे ठरवताना गोळी सुटण्याआधी दोन्ही सैन्यांना फोन लावणारा कोणीतरी मध्ये असणे, हे या कामाचे सार आहे. नाकुरा येथील मुख्यालयाच्या परिसरात इस्राएली आणि लेबनीज अधिकारी एकमेकांशी थेट न बोलता, शांतिसेनेच्या अधिकाऱ्यामार्फत बोलत असत, तेही याच कामाचा भाग.

आयरिश सैनिकांचा मुख्य तळ कॅम्प शॅमरॉक. त्याच टापूतल्या तिबनीन गावातल्या अनाथालयाला आयरिश तुकड्या पिढ्यान्‌पिढ्या मदत करत आल्या. सैनिक सहा-सहा महिन्यांनी बदलतात, पण गावकऱ्यांशी असलेले नाते एका तुकडीकडून दुसरीकडे वारशाने जाते. तिथल्या दुकानदारांच्या इंग्रजीला आयरिश हेल आहे, असे तिकडे जाऊन आलेले हमखास सांगतात. याच तळावर ‘ग्राउंडहॉग’ असा एक शब्द रुळला आहे. तो पुकारला गेला की हातातले काम टाकून सर्वांनी भूमिगत खंदकात जायचे आणि सुटकेचा इशारा मिळेपर्यंत तिथेच बसायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातील युद्ध सुरू झाल्यानंतर हा शब्द वारंवार कानी पडू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर मारून अर-रास गावाजवळच्या ६-५२ क्रमांकाच्या चौकीलगत इस्राएली रणगाडे येऊन उभे राहिले. चौकीत तीसएक आयरिश सैनिक होते. इस्राएलने चौक्या रिकाम्या करायला सांगितले, शांतिसेनेने नकार दिला, आणि हे सैनिक जागचे हलले नाहीत. रणगाड्यांशी लढण्याइतकी शस्त्रे त्यांच्याकडे नव्हतीच. तिथे बसून राहणे, एवढेच त्यांचे काम होते.

या कामाची किंमतही मोजावी लागली आहे. लेबनॉनमध्ये आजवर ४८ आयरिश सैनिक मृत्यू पावले. एप्रिल १९८० मध्ये अत् तिरी गावाचा ताबा इस्राएलच्या पाठिंब्यावरील स्थानिक मिलिशियाला मिळू नये म्हणून झालेल्या चकमकीत एक आयरिश आणि एक फिजीचा सैनिक पडला. काही दिवसांतच दोन आयरिश सैनिकांचे अपहरण करून त्यांना ठार करण्यात आले. त्या हत्यांबद्दल लेबनॉनच्या न्यायालयाने एकाला दोषी ठरवले ते २०२० मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. १४ डिसेंबर २०२२ रोजी अल-अकबिया गावात आयरिश वाहनावर गोळीबार होऊन एक तरुण सैनिक मारला गेला. त्या खटल्याचा निकाल जुलै २०२५ मध्ये लागला, मुख्य आरोपीला मृत्युदंडही झाला, पण तो आरोपी न्यायालयात हजरच नव्हता.

तीनशे माणसांनी असा काय फरक पडतो?

संख्येने पाहिले तर फारसा नाही. दहा हजारांत तीन-साडेतीनशे म्हणजे शंभरात तीन-चार. पण शांतिसेनेत संख्येइतकेच महत्त्व असते ते, कोण आलेले चालेल, या प्रश्नाला. बांधावरच्या भांडणात मोठा जमीनदार पंच म्हणून आला तर दोघांनाही संशय येतो की याचा डोळा आपल्या जमिनीवर आहे. ज्याला गावात ना जमीन ना सोयरीक, तो चालतो. आयर्लंडने कोणावर राज्य केलेले नाही, उलट शतकानुशतके ब्रिटिशांचे राज्य सोसले. त्याच्याकडे विमानवाहू नौका नाहीत, लढाऊ जेट विमाने नाहीत, आणि तो कोणत्याही लष्करी आघाडीत नाही. त्याची भीती कोणालाच वाटत नाही. माझ्या मते छोट्या देशाचे शांतिसेनेला असलेले खरे योगदान हेच आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात मोजता येत नाही. युनिफिलचे नेतृत्व विल्यम ओ’कॅलहन यांच्याकडे १९८१ ते १९८६ आणि मायकेल बेअरी यांच्याकडे २०१६ ते २०१८ असे दोनदा आयरिश सेनापतींकडे आले, ते सैनिकांच्या संख्येमुळे खचितच नव्हे.

मात्र त्याच छोटेपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आयर्लंडच्या संपूर्ण संरक्षण दलात, म्हणजे लष्कर, नौदल आणि हवाई दल मिळून, साडेसात हजारांच्या आसपास माणसे आहेत. मुंबई पोलीस दलाचे मनुष्यबळ याच्या कित्येक पट आहे. आता एक साधे गणित. परदेशी एक सैनिक ठेवायचा तर एक नुकताच परतलेला असतो आणि एक जाण्याची तयारी करत असतो. म्हणून साडेतीनशेसाठी हजार माणसे बांधली जातात. ती पुरी पडत नाहीत म्हणून आयरिश बटालियन बहुतेक वेळा जोडीने उभी राहते, आधी फिनलंडबरोबर, नंतर पोलंडबरोबर. स्वयंपाकघर एकाचे, दवाखाना दुसऱ्याचा, अशी ती भागीदारी असते.

सिरिया आणि इस्राएल यांच्या मधल्या गोलन टेकड्यांवरील शांतिसेनेचे उदाहरण इथे फार बोलके आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सिरियातील नुसरा फ्रंट या सशस्त्र गटाने तिथे फिजीचे ४५ सैनिक पकडले आणि फिलिपिन्सच्या चौक्यांना वेढा घातला. तेव्हा चिलखती गाड्या घेऊन फिलिपिनो सैनिकांना सोडवायला गेले ते आयरिश. ही तुकडी संख्येने लहान, पण नेमक्या वेळी नेमक्या कामाची होती. आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, आयर्लंडने ती गोलनमधून मागे घेतली, कारण युरोपीय संघाच्या राखीव दलासाठी दिलेले वचन पाळायला माणसे कमी पडत होती.

पैशासाठी जातात का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि काही देशांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे दरमहा ठरावीक भरपाई देतात. २०१८ मध्ये हा दर १४२८ डॉलर ठरवण्यात आला होता. ही रक्कम सैनिकाच्या खिशात नव्हे, त्याच्या सरकारच्या खात्यात जाते. सोबत आणलेल्या गाड्या आणि यंत्रसामग्री यांचे भाडे वेगळे मिळते. नेपाळ किंवा बांगलादेशाच्या तिजोरीसाठी ही रक्कम पगारखर्चापेक्षा अधिक भरते. आयर्लंडमध्ये मात्र साध्या शिपायाचा पगारही तीत बसत नाही, त्यामुळे सरकारला हा व्यवहार पदरमोड करूनच करावा लागतो.

मग मिळते काय? देशाच्या सीमेवर शत्रू नसलेल्या सैन्याला खऱ्या परिस्थितीत काम करण्याचा अनुभव मिळतो. तो नसेल तर कवायतीपलीकडे अशा सैन्यात तरुणांना धरून ठेवणे कठीण आहे. परदेशी तैनातीचा भत्ता सैनिकांना वेगळा मिळतो, हेही खरे. आणि जागतिक चावडीवर बोलायला उभे राहिले की लोक ऐकून घेतात. आयर्लंड सुरक्षा परिषदेवर अलीकडे २०२१-२२ या वर्षांत निवडून गेला तेव्हा त्याच्या प्रचारात शांतिसेनेचा इतिहास ठळकपणे मांडलेला होता.

मग डोळ्यांदेखत हिजबुल्लाहने शस्त्रे कशी साठवली?

हा सर्वांत बोचरा आक्षेप आहे, आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. २००६ च्या १७०१ क्रमांकाच्या ठरावाने म्हटले होते की ब्लू लाइन आणि लितानी नदी यांच्या दरम्यान लेबनॉनचे सरकार आणि शांतिसेना सोडून कोणाकडेही शस्त्रे असू नयेत. प्रत्यक्षात त्या पट्ट्यात हिजबुल्लाहने भुयारे खोदली, रॉकेटे साठवली. इस्राएलचा राग समजण्यासारखा आहे.

पण ठरावाची भाषा बारकाईने वाचली तर निःशस्त्रीकरणाचे काम लेबनीज लष्कराचे आहे आणि शांतिसेनेने त्याला ‘साहाय्य’ करायचे आहे. खासगी घरात शिरून झडती घेण्याचा सरसकट अधिकार तिला नव्हता. ज्या लष्कराला साहाय्य करायचे तेच हिजबुल्लाहशी भिडायला तयार नव्हते. सोसायटीच्या रखवालदाराला फाटकावरच्या नोंदवहीचे काम द्यायचे, फ्लॅटमध्ये शिरायला मनाई करायची आणि मग आत काय चालले होते ते तुला कसे कळले नाही असे विचारायचे, असा हा प्रकार आहे. अर्थात रखवालदाराने वहीत काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, हा प्रश्न उरतोच. काही गस्ती पथकांनी स्थानिकांच्या दटावणीपुढे वाट बदलली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला, हीच वही इस्राएली विमानांच्या लेबनॉनच्या हद्दीतील फेऱ्यांच्या नोंदींनीही भरलेली आहे.

तीन चाव्या

आता त्या वादाकडे वळू. आयरिश कायद्यानुसार बारापेक्षा अधिक सशस्त्र सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे असतील तर तीन परवानग्या लागतात: मंत्रिमंडळाची, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची आणि संयुक्त राष्ट्रांची. तिकडे याला ‘ट्रिपल लॉक’ म्हणतात. बँकेतला लॉकर उघडायला एक चावी आपली आणि एक बँकेची लागते, तसेच हे कुलूप. फरक एवढाच की इथे तिसरी चावी न्यूयॉर्कमध्ये आहे आणि तिथे पाच देशांपैकी कोणीही एकाने नकाराधिकार वापरला तर ती फिरत नाही.

या व्यवस्थेला राजकीय बळ मिळाले ते २००१-०२ मध्ये. युरोपीय संघाचा नीस करार आयरिश मतदारांनी पहिल्यांदा फेटाळला, त्यामागे आपण हळूहळू युरोपीय सैन्यात ओढले जाऊ ही एक भीती होती. दुसऱ्या मतदानाआधी सरकारने जाहीर ग्वाही दिली की संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेशिवाय सैन्य बाहेर जाणार नाही. तटस्थ देश सैन्य पाठवतोच कसा, असे विचारणाऱ्यांना आयरिश लोकांनी याच कुलपाकडे बोट दाखवून उत्तर दिले आहे. कोणत्याही आघाडीच्या हुकमावरून आपण जात नाही, जगाने एकत्रितपणे सांगितले तर जातो, असा तो युक्तिवाद.

अडचण अशी की ‘जग’ म्हणजे व्यवहारात पाच कायम सदस्य. मॅसेडोनियाने तैवानशी राजनैतिक संबंध जोडले म्हणून १९९९ मध्ये चीनने तिथल्या शांतिसेनेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला. पुढे २००३ मध्ये युरोपीय संघाने तिथे मोहीम काढली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा मँडेट नसल्यामुळे आयर्लंडला तिच्यात जाता आले नाही. त्यात भर म्हणजे २०१४ नंतर सुरक्षा परिषदेने एकही नवी मोठी शांतिसेना उभी केलेली नाही. म्हणून आयरिश सरकारने तिसरी चावी काढून टाकण्याचा आणि परवानगीशिवाय पाठवता येणाऱ्या सैनिकांची मर्यादा बारावरून पन्नासवर नेण्याचा कायदेबदल २०२५ मध्ये पुढे आणला. परदेशी अडकलेल्या नागरिकांना सोडवायला जाताना तेरावा सैनिक विमानात बसवायचा की नाही हे मोजत बसावे लागू नये, हा या मर्यादावाढीमागचा विचार मला तरी रास्त वाटतो.

विरोधकांचा मुद्दाही हलका नाही. ज्या छोटेपणामुळे, ज्या अलिप्ततेमुळे आयरिश सैनिक लेबनॉनच्या गावात चालतो, ती अलिप्तता या तिसऱ्या चावीने जगाला दाखवता येते. ती काढली की आयरिश सैनिक उद्या युरोपच्या किंवा नाटोच्या मोहिमेत तितक्याच सहज दिसेल आणि मग तिबनीनच्या गावकऱ्याला त्याच्यात आणि इतरांत फरक का वाटावा? यावर सरकारचे म्हणणे असे की तटस्थता म्हणजे आघाडीत नसणे. परवानगी कोणाची घ्यायची हा वेगळा प्रश्न आहे. कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. पण शांतिसेनेचा व्यवहार गावकऱ्याच्या नजरेवर चालतो, आणि सरकार त्याबद्दल फार कमी बोलते.

२०२६ नंतर

युनिफिल ही आयर्लंडची परदेशातील सर्वांत मोठी तैनाती होती. ती गुंडाळली की साडेतीनशे माणसे मोकळी होतील. गोलनसाठी कमी पडली होती तेवढी आणि त्याहून जास्त. पण त्यांना पाठवायला निळ्या टोपीची नवी मोहीम कोणती, याचे उत्तर सुरक्षा परिषदेकडे आज नाही. ब्लू लाइनवर यापुढे लक्ष कोणी ठेवायचे याचे पर्याय १ जून २०२६ पर्यंत मांडण्यास २७९० च्या ठरावाने सरचिटणीसांना सांगितले आहे. म्हणजे पिंपांना कोणी वाली असावा, एवढे तरी मान्य झाले आहे.

आणि १९५८ पासूनची ती सलग परंपरा? ती लगेच तुटणार नाही, याचे कारण काहीसे गमतीचे आहे. १९४८ पासून पश्चिम आशियात संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्र लष्करी निरीक्षकांची एक जुनी संघटना आहे आणि तिच्यात १९५८ पासून आयरिश अधिकारी जातात. त्यांच्याजवळ दुर्बीण, नकाशा आणि वही असते, बंदूक नसते. बंदूक नाही आणि संख्या मूठभर, म्हणून त्यांना हे तीन चाव्यांचे कुलूप लागू होत नाही.